किनाऱ्याचा फोटो तारखेने नको, तिथीने काढा

साकीनाक्याला राहणाऱ्या माणसाला समुद्र लांब वाटायचा, त्याचे कारण अंतर नव्हते, अंधेरी-कुर्ला रोडवरची कोंडी होती. ८ जून २०१४ रोजी घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली आणि ते कारण संपले. सगळा मार्गच ११.४ किलोमीटरचा. साकीनाक्याला गाडीत बसलेला माणूस वीस मिनिटांच्या आत वर्सोवा स्टेशनला उतरतो, पुढे रिक्षाने किंवा चालत चौपाटीवर जातो, आणि कामाची वेळ व्हायच्या आत परतही येऊ शकतो. गाळ्यात, कारखान्यात, ऑफिसात काम करणाऱ्यांना आता एखादा किनारा नेमाने बघणे शक्य आहे, आणि खिशातल्या मोबाइलमुळे त्याची नोंद ठेवणेही शक्य आहे. एकाच किनाऱ्याचे, एकाच जागेवरून, वर्षानुवर्षे फोटो काढत राहणे हा छंद म्हणून स्वस्त आहे आणि नोंद म्हणून फार मोलाचा आहे. मात्र अशा बहुतेक मालिका वाया जातात, आणि त्यात कॅमेऱ्याचा दोष क्वचितच असतो. दिवस आपल्या सोयीने निवडलेला असतो, हे खरे कारण. किनाऱ्यावरचा दिवस चंद्र ठरवतो. म्हणून माझे सांगणे एकच आहे: फोटोचा दिवस तारखेवरून किंवा वारावरून न ठरवता तिथीवरून ठरवा. ते का, आणि कसे, हे पुढे सविस्तर मांडतो.

मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, पाण्याची सर्वांत वरची आणि सर्वांत खालची पातळी यांत चार मीटरच्या आसपास फरक पडतो, कधी त्याहूनही जास्त. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, तोच फरक दीड-दोन मीटरवर येतो. वर्सोवा, जुहू यांसारखे किनारे सपाट आहेत. हिशेबासाठी पन्नासास एक असा उतार धरू. मग पाणी उभे एक मीटर चढले की आडवे पन्नास मीटर आत येते, आणि चार मीटर चढले की दोनशे मीटर. वर्षभरात वाळूची खरीखुरी झीज पाच-दहा मीटर झाली असेल, तर दोनशे मीटरच्या या रोजच्या हालचालीत ती सहज बुडून जाते. दोन फोटो शेजारी ठेवून 'बघा, किनारा केवढा आत आला' असे म्हणणारा माणूस बहुतेक वेळा फक्त भरती आणि ओहोटी शेजारी ठेवत असतो.

यावर कोणी म्हणेल, की आम्ही वेळ पाळतो. दर रविवारी सकाळी साडेसात, त्यात बदल नाही. घोटाळा नेमका इथेच आहे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ती जवळजवळ सहा तास सरकते, आणि ओहोटीपासून भरतीपर्यंतचा काळ सव्वासहा तासांचा असतो. म्हणजे या रविवारी साडेसातला ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळी जवळपास पूर्ण भरती असणार. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा ओहोटी. हे इतके ठळक असते, की निदान लक्षात तरी येते. एकाआड एक रविवारी जाणाऱ्याची फसगत याहून वाईट. उधाण-भांगाचे चक्र चौदा दिवसांचे नसून पावणेपंधरा दिवसांचे आहे. त्यामुळे दर पंधरवड्याला ओहोटी सुमारे चाळीस मिनिटे आधी होऊन जाते. जानेवारीच्या पहिल्या रविवारी ऐन ओहोटीला मालिका सुरू केली, तर प्रत्येक फोटोत पाणी थोडेथोडे वर आलेले दिसेल, आणि मेच्या मध्यापर्यंत पूर्ण भरतीचा फोटो हाती येईल. मालिका अगदी नेमस्त, प्रत्येक फोटोवर तारीख आणि वेळ, आणि निष्कर्ष असा की चार महिन्यांत समुद्राने किनारा गिळला. प्रत्यक्षात याच काळात शांत लाटा वाळू परत आणून टाकत असतात आणि पावसाळ्यापूर्वी किनारा सहसा वर्षातला सर्वांत रुंद असतो. काळजीपूर्वक काढलेली मालिका सत्याच्या बरोबर उलट साक्ष देते.

महिन्याच्या ठरावीक तारखेनेही सुटका होत नाही. इंग्रजी महिना चांद्र महिन्यापेक्षा साधारण एक दिवसाने मोठा, त्यामुळे दर महिन्याच्या एक तारखेला जाणाऱ्याच्या फोटोत आठेक महिन्यांत ओहोटीची भरती होते. वर्षातून एकदाच, २६ जानेवारीला किंवा वाढदिवसाला, फोटो काढणाऱ्यांचे गणित अकरा दिवसांनी चुकते. आज द्वितीया असलेल्या तारखेला पुढच्या वर्षी त्रयोदशीच्या आसपासची तिथी येईल, आणि सकाळी सव्वासातला जिथे ओली वाळू होती तिथे पाणी मध्यपातळीच्याही वर असेल. पंचांग या दोन्ही अडचणी एकदम सोडवते. तिथी चंद्राला धरून चालते म्हणून पाणी जुळते. अधिक मास येऊन चांद्र महिने ऋतूंशी पुन्हा जुळवून घेतात म्हणून हंगामही फार तर दोन-तीन आठवड्यांपलीकडे हलत नाही. अनंत चतुर्दशीचेच पाहा. गणेश विसर्जनाचा दुसरा दिवस दर वर्षी भाद्रपद पौर्णिमेचा. त्या दिवशी मुंबईत ओहोटी दर वर्षी पहाटे, उजाडण्याच्या सुमारास असते. सप्टेंबरची कुठलीही तारीख असो, विसर्जनानंतरच्या पहाटे काढलेल्या जुहूच्या फोटोत पाणी साधारण सारख्याच वेळी मागे गेलेले असते आणि आदल्या रात्री सोडलेल्या मूर्ती, निर्माल्य, पाट, कापड उघडे पडलेले असते. दहा वर्षांचे असे दहा फोटो एकमेकांशी ताडून पाहता येतात. दर वर्षी १५ सप्टेंबरला काढलेले ताडता येणार नाहीत.

भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. चतुर्थीला तीनच्या. पौर्णिमेला सव्वाअकराच्या. शुद्ध पक्ष असो वा वद्य, मोजणी तीच. या रीतीने द्वितीयेची भरती दुपारी दीडच्या आसपास येते, म्हणजे सकाळची ओहोटी सव्वासातच्या आसपास. माझ्या मते मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यासाठी द्वितीयेइतका चांगला दिवस नाही. उधाणाचा खरा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतो, म्हणजे पाणी सर्वांत मागे जाते ते याच सुमारास. सकाळी ऊन पाठीमागून, पूर्वेकडून येते, त्यामुळे वाळूवरची प्रत्येक वस्तू स्पष्ट दिसते. सूर्यास्ताच्या फोटोत किनारा काळा पडतो आणि फक्त आकाश उरते. शिवाय ऐन ओहोटीला पाणी जवळपास थबकलेले असते. चार मीटरच्या उधाणातही ओहोटीच्या अर्धा तास मागेपुढे पातळी दहा सेंटिमीटरदेखील बदलत नाही. उलट भरती-ओहोटीच्या मध्यावर तेच पाणी तासाला एक मीटरच्या वेगाने चढते. तिथे अर्ध्या तासाची चूक म्हणजे पन्नासास एक उतारावर पंचवीस मीटर वाळू. मेट्रो चुकली, रिक्षा मिळाली नाही, तरी ओहोटीचा फोटो बिघडत नाही. हिवाळ्यात सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, तेव्हा उजेडासाठी थोडे थांबावे लागेल. तेवढे थांबणे या अर्ध्या तासात बसते, किंवा तृतीयेला गेलात तर ओहोटीच आठच्या सुमारास मिळते.

तिथी ढोबळ असते, हा आक्षेप रास्त आहे. तिथी कधी सकाळी बदलते, कधी मध्यरात्री, कधी तिचा क्षय होतो. पाऊणपटीची रीत तासभर चुकू शकते. आणि मुख्य म्हणजे तिथी वेळ सांगते, उंची सांगत नाही. चंद्र जवळ असताना द्वितीयेची ओहोटी जितकी खोल जाते तितकी तो लांब असताना जात नाही, आणि एकाच दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात. म्हणून तिथीने दिवस निवडायचा आणि तक्त्याने तो पक्का करायचा. भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी भरती-ओहोटीचे तक्ते छापतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था भरती-ओहोटीचे अंदाज देते. वर्तमानपत्रांतही रोजच्या वेळा येतात. तक्त्यातून ओहोटीची वेळ आणि उंची हे दोन आकडे घ्या आणि फोटोसोबत लिहून ठेवा. पुढे दोन फोटो ताडताना उंचीत वीस-तीस सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर त्या जोडीवरून पाण्याच्या रेषेबद्दल काहीही म्हणू नका. फोटो टाकून द्यायचा नाही, त्याचा जोडीदार बदलायचा. दोन-तीन वर्षांच्या मालिकेत जुळणारा जोडीदार सापडतोच.

साकीनाका-मरोळकडच्या पुष्कळांना आठवड्यातून एकच सुट्टी असते आणि द्वितीया ती बघून येत नाही. ही अडचण खरी आहे, तिच्यावर उपायही आहे. अशा वेळी दिवस ठेवा आपला, आणि वेळ सोडून द्या पाण्याला. मुंबईच्या तक्त्यात समुद्राची सरासरी पातळी शून्यापासून साधारण अडीच मीटरवर येते. उधाण असो वा भांग, पाणी ही पातळी दिवसातून साधारण चार वेळा ओलांडते, आणि त्यांतली निदान एक वेळ उजेडी असते. तक्त्यातल्या भरती आणि ओहोटीच्या साधारण मध्यावर ती येते. रविवारी साडेसात असा नेम न ठेवता 'रविवारी, पाणी अडीच मीटरवर असताना' असा ठेवा. या पद्धतीत घड्याळ मात्र काटेकोर पाळावे लागते, कारण पाणी तेव्हा सर्वांत वेगाने हलत असते. दहा मिनिटे आधी पोचून जागेवर उभे राहा आणि ठरलेल्या मिनिटाला फोटो घ्या. उजेड कधी सकाळचा येईल, कधी दुपारचा. सावल्या बदलतील. बदलू द्या, डोळ्याला ते समजते. पाण्याची पातळी मात्र नुसत्या डोळ्याला समजत नाही.

जागेबद्दल आता. आपण उभे राहतो ती आणि फोटोत दिसते ती, अशा दोन्ही ठिकाणी न हलणारी वस्तू हवी. वाळूवर उभे राहून काढलेली मालिका निरुपयोगी, कारण वाळूच वर-खाली होते आणि तिच्याबरोबर तुमची उंचीही. संरक्षक भिंतीचा कोपरा, पायऱ्यांचा वरचा कट्टा, पक्क्या बांधकामाचा चौथरा असे काही निवडा. कुठे पाय ठेवायचे आणि मोबाइल कुठल्या कठड्यावर टेकवायचा हे ठरवून त्या जागेचाच एक फोटो काढून ठेवा. म्हणजे तुमच्याऐवजी उद्या भावाने किंवा मैत्रिणीने जाऊनही चौकट तीच येईल. मोबाइल आडवा, झूम नाही, साधी मुख्य लेन्स, रंग खुलवणारे फिल्टर बंद. क्षितिज सरळ आणि चौकटीत दर वेळी त्याच उंचीवर. मागचा फोटो दुसऱ्या मोबाइलवर समोर धरून दोन्ही कडा जुळवून घ्या: डावीकडे कुठल्या इमारतीचा कोणता मजला कापला जातो, उजवीकडे कुठला खांब येतो. तीन फोटो पुरतात, एक किनाऱ्यालगत उत्तरेकडे, म्हणजे वर्सोव्याला खाडीपलीकडच्या मढच्या दिशेने, एक सरळ पश्चिमेला आणि एक दक्षिणेला. चौथा फोटो सर्वांत उपयोगी आणि बहुतेक जण तोच विसरतात: वाळूत उतरणाऱ्या जिन्याचा किंवा भिंतीच्या पायथ्याचा. जिन्याच्या किती पायऱ्या वाळूच्या वर आहेत हे त्या फोटोत मोजता येते. मेमध्ये चार पायऱ्या दिसत होत्या आणि सप्टेंबरमध्ये सात दिसल्या, तर वाळू तीन पायऱ्यांनी खाली गेली. एका पायरीची उंची पट्टीने एकदा मोजून ठेवली की झिजेचा आकडा सेंटिमीटरमध्ये हातात येतो. भरती-ओहोटीशी याचा संबंध नसतो. तिथी हुकलेल्या दिवशीही हा एक फोटो घेता येतो, आणि पावसाळ्यात तर त्याच्यावरच भिस्त ठेवावी लागते, कारण जोराचा वारा आणि लाटा पाणी तक्त्यापेक्षा वर ढकलतात आणि पाण्याची रेषा भरवशाची राहत नाही.

पायऱ्या मोजायला लागलात की पहिल्याच वर्षी एक गोष्ट कळेल. जून ते सप्टेंबरच्या लाटा वाळू ओढून थोड्या खोल पाण्यात नेऊन ठेवतात. ऑक्टोबरपासून शांत लाटा ती हळूहळू परत आणतात. किनारा दर वर्षी रोडावतो आणि दर वर्षी भरतो. म्हणून ऑगस्टचा फोटो एप्रिलच्या फोटोशेजारी ठेवून धूप झाली म्हणणे चुकीचे, आणि एप्रिलचा ऑगस्टशेजारी ठेवून किनारा सावरला म्हणणेही तितकेच चुकीचे. वैशाखाची द्वितीया पुढच्या वैशाखाच्या द्वितीयेशी आणि भाद्रपदाची भाद्रपदाशी, अशीच तुलना करायची. अधिक मास पडलेल्या वर्षी नोंदीत तसे लिहा. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या नॅराबीन किनाऱ्याची मोजणी १९७६ पासून सातत्याने चालली आहे. वाळू किती जाते, किती दिवसांनी परत येते, वादळानंतर किनाऱ्याला सावरायला किती काळ लागतो, याबद्दल जगाला आज जे कळले आहे, त्यातले पुष्कळसे या एका किनाऱ्याने शिकवले आहे. एका वर्षात यातले काहीच दिसले नसते. तुमच्या मालिकेतूनही पहिल्या वर्षी फक्त हंगाम कळेल. धूप आहे की नाही याबद्दल तिसऱ्या-चौथ्या वर्षाआधी बोलू नये, असे माझे ठाम मत आहे.

वर्सोव्याचा किनारा जगाला माहीत झाला तोही फोटोंमुळे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह यांनी तिथे सफाई सुरू केली, शेकडो माणसे जोडली गेली, २०१६ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन ऑफ द अर्थ' हा सन्मान मिळाला, आणि मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची ऐंशीच्या आसपास पिल्ले याच वाळूतून समुद्राकडे जाताना दिसली. एका फोटोत गुडघाभर कचरा आणि दुसऱ्यात मोकळी वाळू, ही जोडी सगळीकडे फिरली. त्या श्रमांबद्दल मनात आदर असेल, तर त्यांना दोन फोटोंपेक्षा बळकट पुरावा मिळायला हवा असेच वाटेल. कारण मधल्या काळात काय झाले ते आधीचा-नंतरचा फोटो सांगत नाही. पावसाळा आला की खाडीतून आणि समुद्रातून कचरा पुन्हा येतो, पुन्हा उपसावा लागतो. एखाद्याने ऑगस्टमध्ये फोटो काढून सगळे वाया गेले म्हणावे आणि दुसऱ्याने फेब्रुवारीत काढून किनारा कायमचा स्वच्छ झाला म्हणावे, दोघांचे फोटो खरे आणि दोघांचे म्हणणे अपुरे. दर द्वितीयेचा फोटो असता, तर किती कचरा येतो, कधी येतो, उपसल्यावर किती दिवस वाळू मोकळी राहते, हे सांगता आले असते. सफाई करणाऱ्यांना आणि पालिकेलाही नेमके तेच हवे असते. कचऱ्याच्या फोटोला आणखी एक पथ्य लागते: सफाईच्या आधीचा की नंतरचा ते लिहा. आदल्या भरतीने वाळूवर सोडलेल्या रेघेवर जा, वाळूत एक मीटर लांब-रुंद चौकोन आखा, बाजूला फूटपट्टी ठेवा आणि सरळ वरून एक फोटो घ्या. गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलचे दाणे, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे, स्ट्रॉ, पावसाळ्यात डांबराचे गोळे आणि ब्लू बॉटल नावाचे निळसर समुद्रजीव, हे त्या चौकोनात मोजता येते. लांबून काढलेल्या फोटोत त्याचा नुसता राखाडी पट्टा दिसतो. ब्लू बॉटलला आणि डांबराला हात मात्र लावू नका.

उपग्रह हे सगळे वरून बघतात, मग माणसाने पहाटे उठून कशाला जायचे, असे विचारणारे भेटतात. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रांवरून देशाच्या मुख्य किनाऱ्याचा अभ्यास केला आणि त्यातला सुमारे एकतृतीयांश कमीअधिक प्रमाणात झिजत असल्याचे दाखवले. सबंध देशाचे चित्र अशाच अभ्यासातून मिळते आणि त्याला पर्याय नाही. पण अशा दीर्घ अभ्यासांचा आधार असलेल्या लँडसॅट उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका ३० मीटरचा असतो, म्हणजे अरुंद जागी अख्ख्या चौपाटीची रुंदी दोन-चार ठिपक्यांत संपते. सेंटिनेलचा ठिपका १० मीटरचा. पावसाळ्याचे चार महिने, जेव्हा किनारा खरोखर हलतो, तेव्हा ढग मध्ये येतात. जिन्याची तिसरी पायरी, कचऱ्याची रेघ, नव्या भिंतीच्या टोकाशी वाळूत पडलेला खड्डा, हे उपग्रहाला दिसत नाही. जमिनीवरचा फोटो उपग्रहाची जागा घेत नाही, त्याला जे दिसत नाही ते भरून काढतो. सिडनीतच २०१७ मध्ये 'कोस्टस्नॅप' नावाचा उपक्रम सुरू झाला. किनाऱ्यावर मोबाइल ठेवायची एक पोलादी चौकट पक्की बसवायची, येणाऱ्या-जाणाऱ्याने तीत मोबाइल ठेवून फोटो काढायचा आणि पाठवायचा. चौकट न हलणारी, म्हणून वेगवेगळ्या माणसांचे फोटो ताडता येतात; भरतीची पातळी तक्त्यातून कळते, म्हणून पाण्याच्या रेषेवरून वाळूची रुंदी काढता येते. तो उपक्रम आता अनेक देशांत पोचला आहे. आपल्याकडे यासाठी कुणाची वाट बघायला नको. एकाच जागी नेमाने ठेवलेल्या नोंदीचे मोल किती, याचे उदाहरणही घरचेच आहे: मुंबईतच अपोलो बंदरला समुद्राच्या पातळीची नोंद १८७८ पासून होत आली आहे. हिंदी महासागराच्या पातळीबद्दल बोलताना जगभरचे अभ्यासक तिचा आधार घेतात, कारण इतक्या जुन्या नोंदी या महासागराच्या काठी फारच थोड्या आहेत.

साकीनाक्याच्या वाचकाला आणखी एक मालिका सुचवावीशी वाटते. मिठी नदी आरे, मरोळ, साकीनाका, कुर्ला असे करत माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा ही नदी कुठून जाते ते साऱ्या शहराला कळले, पण तिच्यातून रोज काय जाते याकडे फार थोड्यांचे लक्ष असते. घराजवळच्या पुलावरून मिठीचा एक फोटो आणि त्याच सकाळी माहीमच्या किनाऱ्यावर एक, अशी जोडी दर द्वितीयेला घ्या. मरोळ नाक्याला भुयारी मेट्रो पकडली की शीतलादेवी स्टेशनवरून माहीमचा किनारा जवळ आहे. नदीतला कचरा पहिल्या जोराच्या पावसात वाहून गेला आणि पुढच्या फोटोत माहीमच्या वाळूवर रेघ जाड झाली, तर आपल्या नाक्यावरच्या नाल्याचा आणि समुद्राचा संबंध कागदावर उतरतो. एका जोडीवरून काही सिद्ध होणार नाही, कारण माहीमला कचरा इतरही वाटांनी येतो. दोन-तीन पावसाळ्यांत तोच क्रम दिसला, तर मात्र वॉर्ड ऑफिसात बोलताना हातात काहीतरी असेल.

किनारा रिकामा नसतो हेही ध्यानात ठेवायला हवे. वर्सोवा कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील सुकत असतात, जाळी शिवली जात असतात, बायका मासळी निवडत असतात. तो त्यांचा कामाचा आणि घरासमोरचा भाग आहे. दर महिन्याला मोबाइल रोखून उभ्या राहणाऱ्या अनोळखी माणसाचा संशय येणारच. पहिल्या दिवशी जाऊन काका-मावशींना काय करणार आहात ते सांगा, आधीचे फोटो दाखवा, माणसांचे चेहरे टाळा. वाळू पूर्वी कुठपर्यंत होती, कुठल्या वर्षीच्या उधाणात पाणी कुणाच्या ओट्याला लागले, हे तिथल्या जाणत्यांकडूनच कळते. ते सांगतील त्या खुणेचाही एक फोटो घेऊन ठेवा. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती असणाऱ्या दिवसांची यादी पालिका दर वर्षी जाहीर करते. त्या दिवसांत भरतीच्या वेळी वाळूवर उतरू नका, आणि हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल तर जाऊच नका. मालिकेत एक जागा रिकामी राहिली तरी चालते. नोंदवहीत 'पाऊस, गेलो नाही' एवढे लिहिले की पुरे.

राहिली ती साठवण. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते, म्हणून मूळ फाइल केबलने किंवा ड्राइव्हवर उतरवा, आणि शेअर करायची असेल तर तिची प्रत करा. फाइलचे नाव वर्षापासून सुरू करा, मग महिना, मग तारीख, मग जागा आणि दिशा. अशी नावे आपोआप क्रमाने लागतात. साध्या वहीत प्रत्येक खेपेला एक ओळ पुरते: तारीख, तिथी, घड्याळाची वेळ, तक्त्यातली वेळ आणि उंची, वारा-पाऊस, सफाईच्या आधी की नंतर, वर दिसणाऱ्या पायऱ्या, फोटो कोणी काढला. भराव, बेकायदा भिंत, वाळूचा उपसा असे काही या फोटोंत सापडले आणि प्रकरण हरित लवादापर्यंत किंवा न्यायालयात गेले, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. तेव्हा मूळ फाइल, ती कुठल्या मोबाइलवर काढली हे, आणि ही वही, या तिन्ही गोष्टी हाताशी लागतात. दोन ठिकाणी प्रत ठेवा, त्यातली एक घराबाहेर. आणि पहिल्या वर्षातच आणखी एका माणसाला जागा, चौकट आणि तक्ता वाचणे शिकवून ठेवा, म्हणजे तुमची बदली झाली, घर बदलले, तरी पुढच्या द्वितीयेला सव्वासातला कोणीतरी त्या कट्ट्यावर असेल.